गडग्यावरची करवंटी

चाचींच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झालाय, असं दुकानात पहिल्यांदा मी म्हणालो. त्यांच्या कोंबड्यांबद्दल मला कुणी विचारलंही नव्हतं. तपासणी नाही, डॉक्टर नाही. खिडकीतून मेलेल्या कोंबड्या पाहिल्या आणि बोलून मोकळा झालो. हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर लोकांना आणखी पुरावा लागला नाही.

रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमची दोन घरं, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. बायको गेली, मुलगी शिकायला पुण्याला गेली, तेव्हापासून मी एकटाच होतो. गडग्यापलीकडे चाची, त्याही एकट्या. नवरा बोटीवर होता, तो कधीच वारला. मुलगा आखातात, त्याचा फोन शुक्रवारी यायचा. चाचींच्या गावठी कोंबड्या दिवसभर दोन्ही आवारांत फिरायच्या. सकाळी चाची गडग्यावर माझ्यासाठी एखाद-दुसरं अंडं ठेवायच्या आणि कावळ्यांनी फोडू नये म्हणून त्यावर नारळाची करवंटी पालथी घालायच्या. अंडं घेतलं की मी करवंटी उताणी ठेवायचो, म्हणजे मास्तर उठले हे त्यांना कळायचं. मग गडग्याशी दोन वाक्यं व्हायची. शाळेबाहेर बऱ्याच दिवशी माझं तेवढंच बोलणं.

२००६ साली, शिमग्याच्या आधी, खानदेशात बर्ड फ्लू आल्याची बातमी आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं कोंबड्या पोत्यांत भरताना टीव्हीवर दिसायची. आमच्या कोपऱ्यावर काकींचं किराणा दुकान होतं. चाचींची उरलेली अंडी तिथेच विकायला असत. दुकानात रोज तोच विषय.

“मास्तर, तो रोग इकडं येल काय ओ?” एकानं विचारलं.

“येष्टीनं येत असला तर आंबा घाटातच बंद पडेल,” दुसरा म्हणाला. सगळे हसले. काकीही हसल्या.

मी हसलो नाही. त्याच सकाळी चाचींना मी फणसाखाली खड्डा खणताना पाहिलं होतं. मेलेल्या कोंबड्या पायांना धरून त्यांनी आत ठेवल्या, हातांनीच माती लोटली आणि त्याच हातानं तोंडावरचा घाम पुसला. तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती.

“हसू नका,” मी म्हणालो. “आलाय तो. आमच्या शेजारीच आलाय.”

दुपारी काकी अंड्यांची टोपली स्वतः चाचींच्या पडवीत ठेवून आल्या. मासेवाली फाटकात थांबेनाशी झाली. दुसऱ्या सकाळी गडग्यावर करवंटी होती, खाली अंडं होतं. मी हात लावला नाही.

“काय ओ मास्तर, अंडा तसाच ऱ्हायला? पोट बिघडलं काय?” चाचींनी विचारलं.

“हो, जरासं,” मी खिडकीच्या आतूनच म्हणालो.

“मग पेज आणून देते.”

“नको, नको!” मी इतक्या जोरात म्हणालो की त्या तिथेच थांबल्या.

ते अंडं तिथेच राहिलं. कधीतरी करवंटी खाली पडली आणि कावळ्यांनी अंडं फोडलं. पुढे गडग्यावर काही आलं नाही. थोड्याच दिवसांत पलीकडून खोकल्याचा आवाज येऊ लागला. मी पुस्तक उघडून बसायचो आणि तो खोकला ऐकत राहायचो. तिकडे गेलो नाही.

कुणीतरी कळवल्यामुळे गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी कोंबड्यांचे नमुने नेले आणि चाचींना तपासून घ्यायला पाठवलं. चाचींचा खोकला साधा निघाला. कोंबड्यांचा निकाल सांगायला डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना रस्त्यावर गाठलं. बर्ड फ्लू नव्हता. मानमोडी होती, उन्हाळ्याच्या तोंडावर गावठी कोंबड्यांत नेहमी येते तीच.

“पण असता तर?” मी विचारलं.

ते म्हणाले, हा रोग मुळात पक्ष्यांचा. माणसाला क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेतू शकतं. आजारी किंवा मेलेला पक्षी उघड्या हातानं धरला, सोलला, त्याची विष्ठा किंवा पिसांची धूळ नाकातोंडात गेली, तर धोका. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहजासहजी जात नाही. नीट शिजवलेल्या अंड्याला, कोंबडीच्या मटणाला भ्यायचं कारण नाही. पक्षी पटापट मरायला लागले तर हात लावायचा नाही, आधी कळवायचं.

“या बाईंनी उघड्या हातांनी पुरल्या म्हणे,” डॉक्टर म्हणाले. “शेजारीपाजारी कुणी सांगितलं नाही त्यांना?”

“कल्पना नाही,” मी म्हणालो.

म्हणजे मी ज्या अंड्याला भ्यालो, ते उकडून खाल्लं असतं तर काही होणार नव्हतं. धोका असलाच तर फणसाखाली होता, आणि तिथे चाची होत्या. माझं ज्ञान एकाच माणसाच्या उपयोगाचं होतं. त्या माणसाला सोडून मी ते सगळ्यांना सांगितलं.

पावसाळ्यानंतर चाचींनी नवी पिल्लं आणली. ती मोठी झाली, अंडी द्यायला लागली, आणि एका सकाळी गडग्यावर करवंटी दिसली. मला रडू आलं. पलीकडून चाची म्हणाल्या, “तुम्ही तेवढे भले, मास्तर. त्या दुकानवालीनं माझं नाव घालवलं बघा. एका विहिरीवर पाणी भरलं आम्ही, आणि माझीच टोपली मला आणून दिली. कायपण उठवलं माझ्यावर!”

मी अंडं घेतलं आणि करवंटी उताणी ठेवली.

चाची काकींच्या दुकानाची पायरी चढेनाशा झाल्या. चहापत्ती संपली तरी पार पुढच्या नाक्यावर जायच्या. भर उन्हात, हातात पिशवी, दुकानासमोर आल्यावर मान दुसरीकडे. मी खिडकीतून बघायचो. पुन्हा तीच खिडकी.

पुढच्या ईदनंतर मी साखर आणायला गेलो, तर काकी म्हणाल्या, “यंदापण शीरखुर्मा आला नाय, मास्तर. चाची तुमच्याशी तरी बोलते काय?”

“बोलतात,” मी म्हणालो. मग विचारलं, “काकी, ते मी बोललो होतो, हे तुम्ही त्यांना का नाही सांगितलंत?”

काकी तागडीत साखर ओतत होत्या. “सांगायला काय? पण शेजारी तुम्ही एकटेच तिला. तुमच्याशीपण तुटलं तर अडीनडीला तिनं हाक कुणाला मारायची?” त्यांनी पुडी बांधून माझ्या हातात दिली. “आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

घरी न जाता मी रस्त्यानं फिरून चाचींच्या फाटकातून आत गेलो. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या.

“फाटकातनं आलाव?” त्या हसल्या. “पाव्हणे झालाव काय? बसा.”

मी बसलो नाही. साखरेची पुडी हातातच होती.

“चाची, तुमच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झालाय, असं दुकानात मी सांगितलं. काकींनी नाही. तुम्ही उघड्या हातांनी कोंबड्या पुरत होतात तेव्हा मी खिडकीत होतो. हात लावू नका, एवढं तिथून ओरडलो असतो तरी पुरलं असतं. मी खिडकी लावली. तुम्ही खोकत होतात तेही ऐकलं, आणि आलो नाही. नंतर तुम्ही काकींना बोल लावत होतात, तेव्हा गप्प राहून तुमची अंडी खाल्ली. माझं चुकलं, चाची. मला माफ करा.”