माझ्या फोनवर गाडी तीन तास उशिरा होती

माझा फोन माझ्या नातीपेक्षा वयाने मोठा आहे. पुण्याची मुलगी दर दिवाळीला नवा घेऊन देते म्हणते आणि मी दर दिवाळीला पुढची तारीख मागून घेतो. परतूरच्या कोर्टात आयुष्य गेल्यामुळे तेवढं मला चांगलं जमतं.

या फोनवर बातम्यांचं पान उघडलं की जाहिराती, हलती चित्रं, फोटो यांपैकी काहीच येत नाही. नुसती अक्षरं येतात, एकाखाली एक, दाव्याच्या कागदासारखी. एखाद्या पुढाऱ्याच्या भव्य सोहळ्यातून फोटो वजा केले की खाली दोनच ओळी उरतात, हे मला या फोनमुळे कळलं. काही साइट दारातूनच परत पाठवतात. तुमचा ब्राउझर जुना झाला, नवा घ्या, म्हणतात. नवा घ्यायला जावं तर फोन म्हणतो, मीच जुना झालोय. काही पानं इशारा देतात की तुमचं कनेक्शन खाजगी नाही. परतूरमध्ये खाजगी काय असतं? आमच्या घरी आज कोणती भाजी आहे, हे मला कोर्टात पट्टेवाला सांगतो. शिवाय मी यंत्र नसून माणूस आहे हे सिद्ध करायला चित्रांतले सिग्नल ओळखून दाखवावे लागतात. माझ्याकडे चित्रंच येत नाहीत. त्यामुळे अनेक ठिकाणी मी माणूस आहे की नाही, हा मुद्दा अजून प्रलंबित आहे.

आमचे शेजारी आडतीचे व्यापारी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण आता त्यांच्या बोलण्यात राजस्थान फक्त जेवणाच्या वेळी डोकावतो. सगळे त्यांना शेठजी म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचा माझ्या फोनवर फार विश्वास. झगमगाट न्हाई म्हणजे खोटेपणा न्हाई, असं त्यांचं गणित. या गणितावर त्यांचा धंदा कसा चालतो, हे मी कधी विचारलं नाही.

शेठजींच्या धाकट्या मुलीचं लग्न निजामाबादच्या एका घरात ठरलं. सगाईसाठी मुलाचे आईवडील रेल्वेने परतूरला पहिल्यांदाच येणार होते. थोरल्या मुलीच्या वेळी व्याही मंडळी आली तेव्हा स्टेशनवर कोणी वेळेत पोचलं नव्हतं आणि त्यांना रिक्षा करून घरी यावं लागलं होतं. ती गोष्ट शेठाणी आजतागायत विसरल्या नव्हत्या, आणि शेठजींना विसरू देत नव्हत्या. या वेळी फलाटावर बँड, केशरी साफे, हार, व्हिडिओवाला, सगळं हजर राहणार होतं. शेठजी मला म्हणाले होते, "वकीलसाब, समधीजीचा पाय फलाटाला लागायच्या आत बाजा वाजला पाहिजे. नसता ही मला जेवू घालणार न्हाई."

म्हणून आम्ही गाडीच्या वेळेच्या तासभर आधीच स्टेशनवर जमलो. एप्रिलचं ऊन. बँडवाल्यांच्या अंगात लाल कोट. त्यांच्याकडे पाहून मलाच घाम फुटत होता. गाडी कुठवर आली, हे पाहायला प्रत्येकाने फोन काढला. एकाचं ॲप आधी नवं करून मागत होतं, दुसऱ्याचं गोल गोल फिरत होतं. शेठजींच्या जालन्याच्या थोरल्या जावयाकडे मात्र तीन कॅमेऱ्यांचा कोरा करकरीत फोन होता. तो न बघताच म्हणाला, गाडी अगदी वेळेवर आहे.

मीही सवयीने माझा फोन काढला आणि गाडीचा नंबर टाकला. पान पापणी लवायच्या आत उघडलं. माझ्या फोनवर एवढ्या वेगाने कधी काही उघडत नाही, आणि माझ्या मनात शंका यायला हवी होती ती नेमकी इथे. पण माणसाला सोयीचा पुरावा मिळाला की तो उलटतपासणी करत नाही. पानावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं की गाडी तीन तास उशिरा आहे.

शेठजी जावयाच्या फोनकडे आणि माझ्या फोनकडे आळीपाळीने पाहू लागले. जावयाने नेटवर्क, उपग्रह वगैरे बरंच सांगितलं. मी त्याला एवढंच विचारलं की परवा अंबडच्या लग्नाला जाताना याच फोनने आपल्याला कुठे नेलं होतं. त्याने फोन खिशात घातला. त्या फोनने आम्हाला शहागडच्या पुढे गोदावरीच्या काठावर उसाच्या फडात नेऊन सोडलं होतं, आणि वर अभिनंदनाच्या सुरात सांगितलं होतं की तुम्ही पोचलात. साक्षीदार एकदा असा ढासळला की पुढे काही विचारायचं नसतं. शेठजींनी निकाल दिला. मंडळी जेवायला घरी गेली, बँडवाले मंगल कार्यालयाच्या सावलीत कोट काढून पडायला गेले. जावई सगळ्यांत मागे होता आणि जाताना माझ्याकडे वळून बघत होता.

मी मात्र तिथेच थांबलो. बाकड्यावर पिंपळाची सावली होती आणि पिशवीत पुस्तक होतं. दोन प्रकरणं वाचून झाली तोच गाडी वेळेवर आली.

मी फोन पुन्हा पाहिला. तेच पान, तेच तीन तास. मग पान बोटाने डावीकडे सरकवलं, तेव्हा माझ्या पडद्यात न मावलेला उजवीकडचा रकाना दिसला. त्यात तारीख होती, मागच्या आठवड्यातली. त्या दिवशी मुलगी याच गाडीने पुण्याला परत गेली होती आणि मी हेच पान पाहिलं होतं. फोनने ते जपून ठेवलं होतं आणि आज विचारल्यावर प्रामाणिकपणे काढून दिलं होतं.

गाडीतून एक उंच गृहस्थ उतरले. मागोमाग जरीच्या साडीतल्या एक बाई, मिठाईचे डबे आणि एक सुटकेस. दोघांनी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. फलाटावर एक कुत्रं होतं आणि मी होतो. मी पुढे जाऊन ओळख सांगितली आणि घडलेला प्रकारही सांगितला, कारण दुसरं काही सुचलं नाही. ते गृहस्थ भले होते. हसून म्हणाले की हरकत नाही, रिक्षाने जाऊ.

"रिक्षाने?" विहीणबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर जालन्याचं, त्यामुळे मराठी आमच्याच पाण्याची. "सेलूपासून मी पदर सारखा करून, घडी मोडू न देता बसलेय. यांच्या घरून चारदा फोन आल्ता की बाजा हाये. मंग बाजा वाजेपर्यंत मी उतरलेच न्हाई असं समजा."

एवढं बोलून त्या सुटकेसवर बसल्या.

वकिलीत मी अशी कितीतरी गृहीतकं मान्य केली आहेत, त्यामुळे मला हे फारसं अवघड गेलं नाही. शेठजींना फोन लावला, पण दुसऱ्या घंटेला माझा फोन बंद पडला. तेव्हा व्याह्यांच्याच फोनवरून लावावा लागला. मी थोडक्यात परिस्थिती सांगितली. पलीकडे हातातली वाटी ताटात पडल्याचा आवाज आला. मग शेठजी हळूच म्हणाले, "उतरले का ते?"

मी म्हटलं, "समधीजी उतरलेत. बाई अजून न्हाई."

पाऊण तासाने सगळे धापा टाकत आले. त्यांतल्या दोघांचे साफे घरीच राहिले होते. एका बँडवाल्याने कोटाची बटणं चुकीच्या काजांत लावली होती. विहीणबाई तोवर माझ्याशी मनमोकळ्या गप्पा मारत होत्या, पण शेठजी दिसताच त्यांनी तोंड फिरवून रुळांकडे पाहिलं, जणू अजून गाडीतच बसल्या आहेत. व्हिडिओवाल्याने सुचवलं की पाहुण्यांनी फलाटावर उभं राहावं, हार घालू. बाईंनी मान हलवली. उतरायचं म्हणजे गाडीतून. आता गाडी आणायची कुठून, असं शेठजींच्या चेहऱ्यावर दिसत असतानाच उलट दिशेची पॅसेंजर येत असल्याची घोषणा झाली.

पुढचं कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. गाडी थांबताच बाई पुढच्या दाराने डब्यात चढल्या, मागून नवरा, आणि आम्ही सगळे मागच्या दाराकडे धावलो. रेल्वेच्या कायद्यात याला काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी तोंड मिटून धावलो. बँड वाजू लागला. खिडक्यांतली माणसं उठून बाहेर पाहू लागली, त्यामुळे आतली वाट बंद झाली. व्याही कसेबसे मागच्या दाराने बाहेर पडले, हातात कोणाची तरी कोथिंबिरीची जुडी घेऊन. बाई आतच. गाडीने शिट्टी दिली. शेठाणींनी शेठजींकडे असं पाहिलं की मला त्यांच्या पुढच्या वीस वर्षांची चिंता वाटली. शेठजी हार उंच धरून डब्यासोबत चालू लागणार, एवढ्यात जावयाने दारातल्या दोन माणसांना बाजूला सारलं आणि आत हात दिला. त्या हाताला धरून विहीणबाई उतरल्या. पदराची घडी जशीच्या तशी.

गाडी निघून गेली. नंतर जावयानेच दाखवून दिलं की व्हिडिओत निजामाबादची मंडळी जालन्याकडून येणाऱ्या गाडीतून उतरताना दिसतात. पण त्या क्षणी बँड जोरात होता आणि कोणाला दिशा सुचत नव्हत्या. शेठजींनी हार घातले. फोनचं काय सांगावं, याची ते मनात जुळवाजुळव करत होते.

बाईंनीच बँड थांबायची वाट पाहिली. मग दोन्ही हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माफ करा हो शेठजी, आमची गाडी फार उशिरा आली. तुम्हाला उन्हात उभं राहावं लागलं."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक पिशवीत ठेवत होतो.

"न्हाई न्हाई," ते म्हणाले. "आम्हाला बराबर ठाऊक होतं. वकीलसाबच्या फोनवर दिसून राह्यलं होतं."