सोमवार, सकाळी साडेदहा

माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, झालं गेलं विसरा. ते सगळे विसरले, म्हणूनच मला लक्षात ठेवावं लागतं.

दोन हजार सातच्या सुमारास आम्ही लातूर सोडून पुण्याजवळच्या भुकूमला आलो. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली होती. मी माझी शाळेतली नोकरी सोडली आणि नव्या कोऱ्या सोसायटीत तान्ही पोरगी घेऊन दिवसभर भिंती बघत बसले. टँकर कधी येणार, गुरुवारी वीज कधी जाणार आणि कधी येणार, पौडची बस नेमकी कुठे थांबते, इंद्रायणी तांदूळ गावात कोणाकडे चांगला मिळतो, यातलं काहीच कोणाला ठाऊक नसे. सगळेच परगावचे. म्हणून मी एक ई-पत्रक सुरू केलं. गावात फिरून चार गोष्टी विचारून यायच्या, घरी बसून टाइप करायच्या आणि सोसायटीतल्या सगळ्यांना मेल करायच्या. पोरगी झोपली की पत्रक निघायचं. तीच त्याची वेळ.

मला गावात फिरवलं ते मावशीने. मावशी म्हणजे रस्त्याकडेच्या वस्तीवर शेळ्या राखणारी बाई. ती आणि तिचा नवरा भाताच्या दिवसांत लावणीला जायचे, एरवी मिळेल ती मजुरी करायचे, पण घर चालायचं ते शेळ्यांवर. माझ्या पोरीला गाईचं दूध पचेना, तेव्हा शेळीचं दूध तिनेच घातलं. भुकूममध्ये माझ्याशी आपण होऊन बोललेलं पहिलं माणूस तीच. वस्तीवरून मागच्या ओढ्याला जाणारी शेळ्यांची वाट आमच्या सोसायटीच्या आवारातूनच, कडेकडेने जायची. वाट जुनी, इमारती नव्या. जमीन विकली तेव्हाच गावाने ही वहिवाट बिल्डरकडून कबूल करून घेतली होती आणि त्यासाठी कुंपणाला दोन फाटकं ठेवली होती. फाटकांना नुसती कडी असायची.

आमच्या खालच्या मजल्यावर नागपूरकडचा एक तरुण राहायचा. कंपन्यांनी पाठवलेले मेल लोकांनी उघडावेत म्हणून काय करायचं, हे शोधणं हीच त्याची नोकरी. एके दिवशी तो वर आला आणि म्हणाला, वहिनी, मजकूर झकास आहे, पण तुम्ही तो वाटेल तेव्हा पाठवता, वाचणार कोण? मग चहा पिता पिता त्याने मला धडे दिले. गुरुवारी पाठवायचं नाही, वीज नसते. शुक्रवारी दुपारनंतर माणसाचं डोकं सुट्टीवर गेलेलं असतं. खरी वेळ सोमवार, सकाळी साडेदहा. तेव्हा माणूस ऑफिसात पोचलेला असतो, पहिला चहा झालेला असतो आणि काम सुरू करायचं जिवावर आलेलं असतं. मथळा असा हवा की डिवचलं गेलं पाहिजे. शेवटी एक प्रश्न विचारायचाच. पहिलं उत्तर आलं की लगेच आपण त्याला उत्तर द्यायचं, म्हणजे बाकीचेही सरसावतात. हे सगळं मला नाटकी वाटलं. पण आठवड्यागणिक वाचक वाढले, हे खोटं कशाला सांगू? भूगाव, पिरंगुटच्या सोसायट्यांतले लोक आले. आमच्याकडे फ्लॅट घेऊन ठेवून स्वतः अमेरिकेत राहणारे आले. टँकरच्या वेळा वाचून त्यांना काय मिळत होतं, देव जाणे.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी मी लातूरला गेले. पत्रक त्याच्यावर सोपवलं. टँकरच्या वेळा लिहून दिल्या होत्या, त्याने फक्त पाठवायचं होतं. त्याने काय केलं? मथळा दिला, ‘शेळ्या हव्यात की स्वच्छ सोसायटी?’ खाली हो-नाहीचं मतदान. सोमवार, सकाळी साडेदहा.

प्रश्नाची ही काय रीत झाली? शेळ्या हव्यात म्हणणारा घाणेरडा ठरणार, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. पण उत्तरं धो धो आली. लेंड्या पडतात, वास येतो, कुंडीतली रोपं खातात. ज्यांच्या कुंडीत रोप नव्हतं त्यांनीही लिहिलं. ज्यांनी भुकूमची शेळी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यांनी अमेरिकेतून मत दिलं. उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणतात ते हेच. मावशीला मात्र आपल्या वाटेवर असं मतदान चाललंय याचा पत्ताही नव्हता. तिच्याकडे कुठला मेल?

मी परत आले तेव्हा दोन्ही फाटकांना कुलपं होती. चेअरमनकडे गेले, वहिवाटीचं सांगितलं. निवृत्त माणूस, बोलायला अगदी गोड. म्हणाले, लोकांचा कौल आहे, मी कोण बदलणार? बाजूला बसलेले एक सभासद म्हणाले की त्या बाईला हरकत होती तर तिने तेव्हाच कळवायला हवं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालच्या तरुणाला जाब विचारला, तर तो खरोखरच गोंधळला. एवढी उत्तरं आपल्याला कधीच आली नव्हती वहिनी, म्हणाला. मी खूश होईन अशी त्याची अपेक्षा होती.

मावशी ओढ्यावर जायला आता पौड रस्त्याने लांबचा वळसा घालू लागली. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर मुळशीच्या रिसॉर्टांकडे निघालेल्या गाड्यांची झुंबड असते. धरणाचं पाणी बघायची घाई अशी, की जणू संध्याकाळपर्यंत ते आटणार आहे. व्हायचं तेच झालं. एका रविवारी एका गाडीने तिच्या दोन शेळ्या उडवल्या. त्यातली एक गाभण होती आणि दुसरीचं दूध माझी पोर पीत होती. गाडी थांबलीसुद्धा नाही. मावशीने उरलेल्या शेळ्या विकायचं बोलणं काढलं. म्हणाली, रोज जीव मुठीत धरून कुठवर जायचं? आणि शेळ्या गेल्या की बारमाही मजुरीशिवाय तिच्या हाती काही उरणार नव्हतं.

त्या दिवशी मी लिहायला बसले. दूध, वाट, कुलूप, रस्त्यावर पडलेल्या शेळ्या, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं की येत्या रविवारी सकाळी मागच्या फाटकापाशी जमा, आपण कुलूप काढायला लावू. आणि दात-ओठ खात का होईना, पाठवलं ते सोमवारी सकाळी साडेदहालाच.

इतकी उत्तरं मला आयुष्यात कधी आली नव्हती. हृदयस्पर्शी. डोळ्यांत पाणी आलं. असंच लिहीत राहा. अमेरिकेतल्या एकाने सगळ्या मित्रांना पाठवलं आणि त्या मित्रांनी पत्रक सुरू करून घेतलं. मतदानात ‘स्वच्छ सोसायटी’ म्हणणाऱ्यांनीही लिहिलं की माणुसकी कुठे चालली आहे. तुमच्याच घरून निघाली की, आणखी कुठून चालणार? रविवारी फाटकापाशी मी, माझा नवरा आणि कडेवरची पोर. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. साडेदहाला ऑफिसात बसून आलेलं रडू साडेअकराच्या मीटिंगला पुसून जातं, हे त्या तरुणाने मला शिकवलं नव्हतं. त्याला उघडलेले मेल मोजता येत होते, तिथवरच त्याचं शहाणपण.

मग मी त्याने वर्ज्य सांगितलेला वार धरला. गुरुवारी संध्याकाळी वीज गेली की घरात जीव घुसमटायचा. धरण मुळशीचं, वीज जाते मुंबईला आणि आम्ही हातपंख्याने वारा घेत बसायचो. अख्खी सोसायटी खाली उतरून मागच्या कठड्यावर टेकायची. त्या गुरुवारी दिवेलागणीला मी मावशीला शेळ्या घेऊन फाटकाबाहेर उभी राहायला सांगितलं. आणि एकेकाला तोंडावर विचारत गेले, हिच्या शेळ्या इथून गेल्या तर तुमचं काय बिघडतं?

आमचं काही नाही हो, पहिल्या बाई म्हणाल्या. बाकीच्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्यांचंही काही नव्हतं. लेंड्यांवर लांबलचक मेल लिहिणारे गृहस्थ म्हणाले, मी आपलं सहज लिहिलं होतं. चेअरमनचंही वैयक्तिक काहीच नव्हतं. फाटकापलीकडे उभी राहून मावशी सगळं ऐकत होती. ती कधी मोठ्याने बोलायची नाही, तेव्हाही तिने आवाज चढवला नाही.

“कुनाचंच काय न्हाई म्हंता,” ती म्हणाली, “तर मग ह्ये कुलूप कुनाचं हाय?”

जो तो हातपंखा हलवू लागला. शेवटी खालचा तरुण माझ्याजवळ आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “वहिनी, सोमवारी परत मतदान घेऊ. या वेळी प्रश्न तुम्हीच लिहा. साडेदहाला सोडलं की काम झालंच समजा.”

मी जिना चढले, अंधारात चाचपडत स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि खाली आले. कुलूप हलक्या प्रतीचं होतं, पण मी ज्या रागाने हाणत होते त्या रागापुढे भारीतलंही टिकलं नसतं. मला कोणी अडवलं नाही. मदतीलाही कोणी आलं नाही. कुलूप तुटलं, मी फाटक ढकललं आणि शेळ्या सगळ्यांच्या मधून दुसऱ्या फाटकाकडे निघाल्या. तिथलं कुलूप मी तोडायच्या आधीच वॉचमनने किल्लीने काढलं. मावशी जाता जाता एवढंच म्हणाली, “ताई, बत्ता चेपला न्हाई ना? चटनी कशात कुटशिला?”

सोमवारी साडेदहाला त्या तरुणाचा मेल आलाच. ‘कुलूप तोडणं बरोबर की चूक?’ त्याने आधीचे सगळे विक्रम मोडले. मी माझं नाव यादीतून काढून घेतलं आणि पत्रक त्याला आंदण दिलं. कमिटीत नव्या कुलपाचं ठरलं म्हणे. चेअरमननी सेक्रेटरीला सांगितलं, सेक्रेटरीने वॉचमनला. वॉचमन गावातलाच. मला हितं ऱ्हायाचंय, मी न्हाई लावनार, म्हणाला. मग प्रश्न आला की लावायचं कोणी? मेलवर मत द्यायला शेकड्याने माणसं होती. भर दिवसा मावशीच्या समोर फाटकाला कुलूप घालायला एकही निघाला नाही. ज्या भित्रेपणाने वाट बंद झाली त्याच भित्रेपणाने ती उघडी राहिली, आणि याचा मला आनंदच व्हायला हवा होता. झाला नाही.

पुढे दोनेक वर्षांनी चेअरमनकडे पुण्याहून पाहुणे आले होते. मी पोरीला घेऊन मागच्या फाटकापाशी उभी होते आणि मावशीच्या शेळ्या चालल्या होत्या. चेअरमन पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होते. म्हणत होते, आमचे गावाशी फार चांगले संबंध आहेत, आम्ही मुद्दाम वाट ठेवली आहे त्यांना. पाहुण्यांनी फोटो काढले.

मी वर गेले. त्या गुरुवारी बत्त्यासोबत वर आणलेलं ते चेपलेलं कुलूप खलबत्त्याशेजारी अजून पडलेलं होतं. ते आणून मी सगळ्यांदेखत चेअरमनच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, तुमचं आमच्याकडे राहिलं होतं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं.

“छे छे,” ते म्हणाले, “माझं नाही हे.”