अण्णांचा अंतराचा तक्ता

किती लांब आणि किती वेळ, हे दोनच प्रश्न दिवसभर ऐकणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी शाहूपुरीत अण्णांच्या विमान-तिकिटांच्या ऑफिसात क्लार्क होतो. अण्णांनी भिंतीवर एक तक्ता लावला होता. त्यात कुठल्या विमानतळावरून कुठल्या विमानतळाचं अंतर किती आणि वेळ किती, ते रंगानं लिहिलेलं. अण्णा स्वतः कधी विमानात बसले नव्हते, पण तक्त्याबद्दल शंका घेतलेली त्यांना खपत नसे.

*

एक ट्रकमालक तक्त्यापुढं अडला.

"बेळगाव-मुंबई एवढंच? रस्त्यानं शंभर किलोमीटर जास्त हाय की."

"विमान सरळ जातंय," अण्णा म्हणाले.

"आन् घाट?"

"घाट खाली ऱ्हातोय."

त्यानं आकडा परत एकदा वाचला. मग म्हणाला, "पंचवीस वर्षं स्टेअरिंग फिरवलं, कुणी बोललं न्हाई."

*

चंदगडचे एक काजूवाले मुंबईहून बेळगावला विमानानं आले आणि तडक आमच्याकडं तक्रार घेऊन. "आमच्या बागंवरनंच आलं. जरा थांबवलं असतं तर काय बिघडत हुतं?"

अण्णांनी शांतपणे सांगितलं, "तिथं स्टॉप मंजूर न्हाई. अर्ज करा."

त्यांनी अर्ज लिहून आणला. अण्णांनी तो फाईलला लावला.

*

गडहिंग्लजचे एक पावणं मुंबईला मुलगी बघायला निघाले. प्रवास म्हणजे शिदोरी, हा घरचा शिरस्ता. पिठलं, भाकरी, कांदा असं सगळं फडक्यात बांधून नेलं. आभाळात गेल्यावर आधी देवाचं नाव घेतलं, मग खिडकीतून बघून झालं, मग गाठ सोडली. पहिला घास घेतला आणि उतरायचं म्हणून पट्टे बांधायची सूचना झाली.

पुढच्या खेपेचं तिकीट काढताना म्हणाले, "जरा सावकाश जाणारं दुसरं न्हाई का?"

*

कांबळे गुरुजींची सुजाता नर्स होती. लंडनच्या इस्पितळात नोकरी लागली. घरातलं कुणीच मुंबईपलीकडं गेलेलं नव्हतं. तिकीट आमच्याकडूनच काढलेलं. मुंबईहून सकाळी सातला सुटायचं, नऊ तासांचा प्रवास आणि मध्ये एक तास तेलासाठी थांबा.

त्या दिवशी आम्ही नऊला ऑफिस उघडायला गेलो, तर गुरुजी पायरीवर.

"कधी आलात?"

"सातला. तिचं सुटलं तेव्हा."

आत येऊन ते तक्त्याखालच्या खुर्चीत ताठ बसले. दहा वाजता अण्णा म्हणाले, "गुरुजी, कोपऱ्यावर चहा पिऊन या."

"पोरगी एकटी बसलीय वर. मी कसा उठू? थांबा कधी हाय?"

"बाराला."

बाराला ते उठले. चहा घेतला, तोंड धुतलं, पाय मोकळे केले आणि एकला दहा कमी असताना परत खुर्चीत येऊन बसले. मग गिऱ्हाइकंही हळू बोलायला लागली.

पाच वाजले. अण्णांनी घड्याळ बघितलं, तक्ता बघितला आणि म्हणाले, "गुरुजी, पोचली."

गुरुजी उठले. बाहेर वैशाखाचं ऊन अजून तापलेलं होतं. त्यांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"तिकडं थंडी असती म्हणं," म्हणाले, आणि रस्त्याला लागले.