दार वाजवायचं बटण

गाव सोडलं त्या दुपारी आबांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या तोंडावर घराचं दार लावलं. मी अंगणात उभी, पाठीला सॅक, हातात आईनं बांधून दिलेली धपाटी. आणि आबा आमच्याच बंद दारावर टकटक करून हाक मारतायत, "सुरेखा, हाय का घरात?"

"आबा, मी ही काय तुमच्या मागं हुबी हाय."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दाराला कान देऊन जरा वेळ थांबले, मग म्हणाले, "ठावं हाय. सवय करून ठेवतूय." मग दार उघडलं, टोपी नीट केली आणि परळीच्या गाडीत बसवायला फाट्यापर्यंत माझ्यासोबत चालत आले. परळीहून पुढं रेल्वे आणि मग हैदराबाद. गाडीत मी खूप रडले, आणि तरी मला आतून लई आनंद होत होता. दोन्ही खरं आहे, उगाच एक लपवण्यात काय अर्थ?

आमच्याकडचं गाव ज्यांनी दिवाळीनंतर पाहिलेलं नाही, त्यांना आबांचा हा उद्योग वेडेपणाचा वाटेल. गाव धर्मापुरीच्या पलीकडं. दिवाळी सरली की मुकादमाचे ट्रॅक्टर येतात. ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, लेकरं चढतात आणि आळीच्या आळी ऊस तोडायला कारखान्याला निघून जाते, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येते. आम्ही मेंढरंवाले. आमची मेंढरं जवळच्या माळावरच चरायची, म्हणून आम्ही मागं राहायचो. जाणारी माणसं किल्ल्या आमच्या खुंटीला अडकवून जायची.

गाव रिकामं झालं की त्याचा आवाज बदलतो. कुलूप लावलेल्या दारापुढं कुत्री बसून राहतात, भुंकत नाहीत. कुणाची तरी वाळत घातलेली चिंधी दोरीवरच राहून जाते आणि वारा नसताना हलते. दिवेलागणीला आबा निघायचे, मी त्यांचं धोतर धरून मागं. प्रत्येक कुलूपबंद दार वाजवायचं, घरधन्याच्या नावानं हाक मारायची. "किसन, हाय का घरात?" आणि थांबायचं. किती? तर आतला माणूस चुलीपासून उठून दारापर्यंत येईल इतकं. पोरसवदा किसनच्या दारात एवढंसं थांबायचं. कासाबाईचे गुडघे धरलेले, तिच्या दारात जास्त. मला वाटायचं, आता आतून कडी वाजणार. कडी वाजायची नाही, मग पुढचं दार.

"आबा, आत कुणी न्हाई, मग कावून हाका मारता?"

"घराला हाक लागती गं. न्हाईतर ते माणूस इसरतंय."

माझी मैत्रीण मुक्ता दरवर्षी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायची. परत आली की दप्तर हातात घ्यायच्या आधी तिचा पहिला प्रश्न, "माझ्या नावानं हाक मारली का?" मी हो म्हणायचे. मग ती सांगायची की उसाच्या फडाजवळच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, दिवेलागणीला तिला ती ऐकू यायची आणि ती तिथूनच ओ द्यायची. मला वाटायचं, पोरगी थापा मारते. ऊस खाऊन गोड बोलायला शिकली आहे, एवढंच.

हैदराबादला नोकरी लागली, पगार झाला, चांगला लॅपटॉप आला आणि मला गेमिंगचा नाद लागला. घरी हे कधी नीट सांगितलं नाही. 'पोरगी कंप्युटरवर काम करती' एवढंच त्यांना माहीत, आणि ते काही खोटं नव्हतं. त्यातला एक गेम येणार येणार म्हणून आम्ही ऑफिसातली मंडळी कित्येक वर्षं वाट पाहत होतो. अणुयुद्धानंतरचं जग, कुठंही फिरा, काहीही करा, ओपन वर्ल्ड. ट्रेलरमध्ये एक धुळीचा रस्ता होता, दोन्हीकडं बंद घरं, दोरीवर कपडे, दारापुढं बसलेलं कुत्रं. बाकीचे बंदुका बघत होते. मी ते कुत्रं बघत होते. हे जग ज्यानं रचलं त्याला आमचं गाव माहीत आहे, असं मला अगदी आतून वाटलं. जाहिरातीत सांगत होते की इथलं प्रत्येक दार उघडतं, उजाड वस्त्या तुम्ही पुन्हा वसवू शकता. मी सुटी टाकून बसले.

सुरुवातीचे दिवस मी खरंच तिथंच राहत होते. आकाशाचा तो मळकट पिवळा रंग, लांबून येणारा पत्र्याचा आवाज, सगळं बेमालूम. आणि मग मी त्या ट्रेलरमधल्या गल्लीत पोचले. दारापाशी गेले. ते दार नव्हतंच, भिंतीवर काढलेलं चित्र होतं. पुढचंही तसंच. जी दारं उघडत होती त्यांच्या आत एक खाट, एक सांगाडा आणि बंदुकीच्या गोळ्यांचं खोकं. प्रत्येक घरात तेच. कुत्र्याजवळ गेलं की ते एकाच जागी शेपूट हलवायचं, माणूस कोण आला याचं त्याला काही नव्हतं. वस्ती वसवायची म्हणजे घंटा वाजवायची, की कुठूनशी माणसं येत. त्यांना खाट दिली, पाणी दिलं, की तीच ती वाक्यं बोलत बसून राहत. ही घरं कुणाची होती, हे एकानंही कधी विचारलं नाही.

आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू? दार फोडायचं बटण होतं, जाळायचं होतं, सुरुंग लावून उडवायचं होतं. दार वाजवायचं बटण नव्हतं. एवढा मोठा पसारा मांडला आणि माणूस दारात उभं राहून हाक मारेल, ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही! नाव मोठं, लक्षण खोटं. ऑफिसात मी तावातावानं हे बोलले तर सगळे हसले. गेम बरा आहे, तुझ्याच अपेक्षा विचित्र आहेत, म्हणाले. असतील. पण मला माझं गाव दाखवतो म्हणून बोलावलं होतं आणि गावाचं सोंग दाखवलं, याचं दुःख मला आजही आहे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आबा गेले. गाव तेव्हा भरलेलं होतं, खांद्याला माणसं कमी पडली नाहीत. पावसाळा आईनं एकटीनं काढला. मेंढरं विकली. दिवाळीनंतर आळी रिकामी झाली तेव्हा मी जाऊन तिला घेऊन आले. सगळ्या किल्ल्या, आमच्याही, मुक्ताकडं दिल्या. तिचं सासर गावातच, लेकरू तान्हं, म्हणून ती यंदा टोळीबरोबर गेली नव्हती. हाकांचं मात्र कुणी काही बोललं नाही.

मी राहते ती इमारत नवी, उंच, आणि अर्धी न विकलेली. संध्याकाळी समोरच्या टॉवरमध्ये मोजक्याच खिडक्या उजळतात. आई बाल्कनीतून बघायची आणि आत यायची. एकदा मी गेम लावून बसले होते, तर ती शेजारी येऊन बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "हितली मान्सं कंच्या कारखान्याला गेल्यात?"

"गेली न्हाईत आई, मेलीत. बाँब पडला."

"मग कुलपं कुनी लावली?"

मी गल्लीतल्या एका दारापाशी जाऊन पाहिलं. चित्रातल्या दारांवर कुलपंही रंगवलेली होती, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आई उठून भाजी निवडायला गेली.

त्यानंतर काही दिवसांनी ते सुरू झालं. दिवेलागणीची वेळ. आई स्वयंपाकघरात, मी बाहेर. आणि ती एकदम म्हणाली, "ओ! आले, आले." ओट्याला धरून उठली, दारापर्यंत गेली. दारात कुणी नव्हतं. कॉरिडॉरमधला दिवा माणूस आला की लागतो, तोही लागलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच. संध्याकाळी ओळख नसलेल्या हाकेला ओ देऊ नये, हे मला लहानपणी तिनंच बजावलं होतं, आणि आता तीच देत होती.

मी घाबरले. भुताला म्हणाल तर थोडी, पण खरी भीती वेगळी होती. आबा गेलेच होते, आता आईही डोळ्यांदेखत हळूहळू निघून जाईल आणि मला कळायचंसुद्धा नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. तिला विचारलं तर उलट मलाच म्हणाली, "कुनीतरी हाक मारतंय म्हणून ओ देते. तू कावून भ्यायलीस?"

"कोण मारतंय?"

"आवाज वळखू येत न्हाई. बाईचा हाय."

त्या रात्री मी दाराला आतून दोन्ही कड्या लावल्या. कुणाला बाहेर ठेवायला की आईला आत, ते मलाही सांगता आलं नसतं.

पौषात वाऱ्यानं घराचा पत्रा उचकटल्याचं कळलं. आईला शेजारणीच्या हवाली करून मी एकटीच गावाला गेले. मुक्ताच्या घरी ती नव्हती, सासूनं किल्ली दिली. पत्रा बसवून माणूस निघून गेला तोवर दिवस कलला होता. वीज गेलेली. वारा आत येत होता म्हणून मी दार लोटून घेतलं आणि आबांच्या जागेवर, चुलीपाशी बसले. थंड चुलीचा वास नाकात बसला आणि तेवढ्यात आळीच्या त्या टोकाला दार वाजलं.

टकटक. हाक. शब्द कळत नव्हते. मग शांतता. मग पावलं, आणि अलीकडचं दार. पुन्हा हाक, पुन्हा ती शांतता. किसनच्या दारात थोडी. कासाबाईच्या दारात जास्त. अगदी आबांच्या मापानं. लहानपणी मी बंद दारांच्या बाहेर उभी असायचे. आत बसून ही फेरी आपल्याकडं येताना ऐकणं कसं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पावलं आमच्या अंगणात आली. दार वाजलं.

"काकू, हाय का घरात?"

आवाज बाईचा होता. बाहेरची व्यक्ती थांबली. थांबली, थांबली. इतकी की मला वाटलं, आता ही जाणारच नाही. शेवटी पाऊल वळल्याचा आवाज आला आणि माझ्या नकळत मी म्हणाले, "ओ."

बाहेर जी किंकाळी फुटली ती पार धर्मापुरीपर्यंत गेली असेल. मी दार उघडलं तर अंगणात मुक्ता, कडेवर लेकरू. "मेले न्हवं मी!" असं म्हणून तिनं मला आधी एक रट्टा दिला, मग मिठी मारली. कडेवरचं लेकरू मात्र हसत होतं.

"तू मारतेस व्हय हाका?"

"मग काय करू? आमच्यासाठी मारणारं गेलं की." ती डोळे पुसत म्हणाली. "आन् तुमच्या दारात किती येळ हुबी ऱ्हाते, ठावं हाय का? काकूंचे गुडघे दुखत्यात म्हणून."

आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून रडलो. का, ते विचारू नका.

अंधार पडल्यावर मी आईला फोन लावला. मुक्ताचं काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "आज हाक आली न्हाई गं. दाराकडं बघत बसले. आज कुनीतरी माझ्याआदी ओ दिली वाटतं."

मी म्हटलं, "मी दिली, आई."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली.

आता मी परत हैदराबादला आहे. तो गेम लॅपटॉपमध्ये अजून पडून आहे, कधीतरी त्या गल्लीत जाते, कुत्र्याजवळ उभी राहते आणि बंद करते. दिवेलागणीला आई ओ देते तेव्हा मी लॅपटॉपचा आवाज कमी करते आणि वर बघत नाही. गावातल्या घराला कुलूप आहे, फ्लॅट भाड्याचा आहे, आणि यातलं तुझं घर कुठलं असं कुणी विचारलं तर मला पत्ता सांगता येत नाही. आईला चुलीपासून उठून यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मुक्ता आमच्या दारात उभी राहते. तेवढं आमचं घर.