तिडके सरांनी पाय बसवलेली स्टिक

टाकून द्यायला काढलेली कुठलीही वस्तू तिडके सर आधी बोटाच्या पेराने ठोकत आणि कान लावून ऐकत. "आतून जिती हाय," असा निकाल लागला की ती वस्तू क्रीडा विभागात मुक्कामाला यायची. त्यामुळे अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात क्रीडा विभाग कुठला आणि भंगारखोली कुठली, हे नव्या माणसाला सांगावं लागे. मी तिथं सरांच्या हाताखाली मुलींच्या हॉकी संघात होते. पेनल्टी कॉर्नरचा फटका माझ्याकडे असायचा.

तालुक्याचे पुढारी बापू यांनी आमच्या सगळ्या संघाला कार्बनच्या नव्या स्टिक जाहीर केल्या. आली एकच. कार्यक्रम मात्र सगळ्या आल्यासारखा झाला. बापूंनी उद्घाटनाचा फटका मारला. चेंडू जागेवर राहिला आणि स्टिक शेजारच्या सिमेंटच्या कठड्यावर आदळली. खालचं वाकडं पातं मोडून लोंबायला लागलं. टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या, त्यामुळे त्या थांबवता आल्या नाहीत. "माल हलका हाय," स्वतःच्याच देणगीबद्दल बापू म्हणाले आणि हार घालून घ्यायला वळले.

प्राचार्यांना ती मोडकी स्टिक काचेच्या कपाटात ठेवायची होती; तिला बापूंचा हात लागला होता.

"कपाटात कशापायी, सर?" तिडके सर म्हणाले. "दांडा शाबूत हाय. फकस्त पाय मोडलाय. पाय बसवू."

त्यांनी नाकाला रुमाल बांधून मोडका भाग करवतीनं सरळ कापला. दांडा आतून पोकळ निघाला. मग एका कुजलेल्या लाकडी स्टिकचं धड पातं घेतलं, त्याच्या वरच्या टोकाला जिभेसारखी खुंटी कोरली आणि डिंक लावून ती पोकळीत ठोकली. पहिल्याच सरावात मी फटका मारला, तेव्हा चेंडू गोलात गेला आणि पातं प्राचार्यांच्या पायाशी.

"विद्यार्थिनी मारून टाकाल एखादी," प्राचार्य म्हणाले. ते पहिल्यांदाच बरोबर बोलत होते.

सर पातं उचलून परत विभागात गेले. दुसऱ्या पात्याला त्यांनी जीभ लांब ठेवली, जोडावर डिंकात भिजवलेला दोरा घट्ट गुंडाळला आणि वाळल्यावर कानसीनं घासून गुळगुळीत केला. मग स्वतः कठड्याच्या आडोशाला उभे राहून एकट्यानं फटके मारत राहिले. जोड हलला नाही, तेव्हाच स्टिक माझ्या हातात दिली. "आता भिऊ नको. तुझ्या आधी मी भिऊन झालोय."

विभागीय सामन्याला पंचांनी ती वर काळी, खाली पिवळी स्टिक उलटीपालटी करून पाहिली. "कुठल्या कंपनीची?"

"वरून बाहेरगावची, खालून आमची. नांदाय लागल्यात दोघी," सर म्हणाले.

पंच हसले नाहीत. जोडावरून बोट फिरवलं, कुठं टोचत नाही याची खात्री केली आणि परवानगी दिली. शेवटच्या मिनिटांत आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. फटका मारताना मी चेंडूकडे न बघता जोडाकडेच बघत होते. पातं जागेवर राहिलं, चेंडू गोलात गेला आणि सामना आमचा झाला.

दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. त्यावरच्या जोडून केलेल्या फोटोत बापू ती स्टिक धरून हसत होते आणि फोटोतलं पिवळं पातं काळं रंगवलं होतं. दुपारी त्यांची माणसं सत्कारासाठी स्टिक न्यायला आली.

"न्या की," सर करवत शोधत म्हणाले. "खालचं पातं आमचं हाय, तेवढं काढून ठेवतो. बापूंचा दांडा बापूंना."

माणसं एकमेकांकडे बघत परत गेली. त्या संध्याकाळी मी त्याच स्टिकनं सराव केला.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत बापू लई वेळ बोलले. तिडके सरांनी या मातीत क्रिकेट रुजवलं, असं ते म्हणाले, तेव्हा सभागृहात कुणी हललं नाही. मी उभी राहिले.

"बापू, सर हॉकी शिकवायचे."

"तेच सांगतोय मी," बापू म्हणाले आणि क्रिकेटवर पुढं बोलू लागले.

मी खाली बसले नाही. सभा संपेपर्यंत उभीच राहिले. मागं वळून पाहिलं, तर आमच्या संघातल्या आलेल्या सगळ्या जणी उभ्या होत्या.