शिवलं ते घरचंच माणूस

दूर उत्तरेत, दूधविनायकच्या गल्लीत राहणारी देवयानी एका रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळायची. कुठल्याही कंपनीच्या क्लाउडवर चालतील अशी टूल्स घ्यायची आणि सगळी माहिती तिकडे हलवायची, हे दुपारच्या बैठकीत ती ठणकावून सांगणार होती.

घरी आज कुळधर्म. लीलाकाकू सोवळ्यात देवाचा नैवेद्य रांधत होती. पाहुण्यांचं जेवण रामनगरच्या हलवायाकडून येत होतं. दोन्हीकडचे हुकूम काकू उंबऱ्यातूनच सोडत होती. "भैया, पूरी उधर रखो! इस पतीले को कोई हाथ नहीं लगाएगा!"

देवयानी जागीच थबकली. रुग्णांचे अहवाल म्हणजे हेच पातेलं की! ते रुग्णालयाच्याच सर्व्हरवर राहू देत, बाकीचं खुशाल क्लाउडवर जाऊ दे, आणि दोन्हींवर नजर एकाच जागेवरून. हायब्रिडच हवं! टूल कुठे कुठे चालतं ते नंतर. घराबाहेर काय जाऊ द्यायचं नाही, ते आधी.

"काकू, माझी चूक सापडली!" तिने धावत जाऊन काकूला कडकडून मिठी मारली.

"अगं मेले, शिवलीस ना!" काकू किंचाळली. "आता पुन्हा आंघोळ, पुन्हा सगळा स्वयंपाक!"

हलवाई बिचारा लांबच उभा होता. देवयानीने जीभ चावली, आणि नव्या व्यवस्थेत अहवाल उघडण्यावरचं पहिलं कुलूप स्वतःच्याच नावाला लावायचं ठरवलं.