ब्रेकरवर गप्प, चाकोरीत ठकठक

मंडळी, हात अजून ग्रीसने काळे आहेत, पण आधी हे सांगते.

महिनाभर माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूने ठकठक येत होती. गॅरेजवाले भाऊ दरवेळी गाडी दारातल्या स्पीडब्रेकरवरून न्यायचे आणि तिथे ती अगदी गप्प. गाडी विकून टाकण्याबद्दल बाबांचं ठरलेलं वाक्य, "इकी टाक ती गाडी आते."

आज बाबांना घेऊन नंदुरबारच्या मिरची पथारीवर गेले. मिरची वाळत घालतात त्या जागेची वाट म्हणजे ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या. एकच चाक खाली गेलं की ठक. दोन्ही सोबत गेली की शांत. म्हणून ब्रेकरवर चोर सापडत नव्हता!

तिथेच गाडी बंद केली. स्टेअरिंग पूर्ण वळवून डाव्या चाकामागच्या, एकच चाक वरखाली झालं की ताण घेणाऱ्या लिंक रॉडवर हात ठेवला आणि बाबांना बॉनेटचा कोपरा दाबायला लावला. ठक थेट तळव्यात जाणवली.

"बाबा, सापडनं! लिंक रॉड ढिली शे."

लगेच गॅरेज गाठलं. भाऊंच्या सोबत बसून नवी लिंक रॉड लावली आणि गाडी परत त्याच चाकोऱ्यांतून नेली. बाबा सगळा वेळ कान देऊन बसलेले. काहीच वाजलं नाही.

घरी उतरताना बाबा गुडघा चोळत दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आते मन्हा गुडघा वाजी ऱ्हायना. तो बी देखी टाक."

गाडी विकायचं नावसुद्धा काढलं नाही. तुमच्या घरी शाबासकी कशी देतात?